पंचफुलाच्या बिल्ल्यावर

नत्थू भिलाईच्या नव्या पोलाद कारखान्यात भट्टीच्या पायाच्या खड्ड्यात सळ्यांना तार आवळत होता, तेव्हा वरचा क्रशर थांबला. सकाळपासून दगड फोडून गिट्टी करणाऱ्या त्या मशीनचा आवाज कानात इतका मुरलेला असायचा, की तो थांबला की खड्ड्यातली माणसं आपोआप माना वर करत. जेवणाच्या सुट्टीला अजून वेळ होता. नत्थूने तार पिळायचा आकडा हातात तसाच धरून वर पाहिलं. काठावर रंभा उभी होती. तिच्या डोक्यावर टोपलं नव्हतं आणि लुगड्याचा पदर फाटून गेलेला होता.

"नत्थूभाऊ, वर या! हिराचा हात क्रशरच्या पट्ट्यात गेला."

नत्थू शिडी चढून वर आला. गिट्टीच्या ढिगाला टेकून हिरा बसली होती. उजव्या हाताला रंभाच्या पदराचा तुकडा गुंडाळलेला होता आणि तो हात तिने डाव्या हाताने छातीशी धरला होता. ती रडत नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते. भोवती बायका होत्या, पण हात लावायला कोणी धजत नव्हतं. हजेरी घेणारा मुन्शी रामदुलारे ट्रकवाल्याला ओरडून ओरडून बोलावत होता.

"भाऊजी," हिरा म्हणाली, "बिल्ला पडला पाहा तिथं. दोरा तुटला त्याचा. सांभाळून ठेवा."

नत्थूने गिट्टीतून पितळी बिल्ला उचलला, बंडीला पुसला आणि खिशात टाकला. मग त्याने हिराला दोन्ही हातांवर उचललं आणि ट्रकमध्ये ठेवलं. ती अंगाने हलकी होती. तिची थोरली बहीणही अशीच हलकी होती.

दवाखाना पत्र्याचा होता. कारखाना उभा राहत होता तसा दवाखानाही उभा राहत होता. एका बाजूच्या नव्या विटांच्या भिंती अजून ओल्या होत्या. आतल्यांनी हिराला लगेच नेलं. बाहेरच्या टेबलावरचा कंपाउंडर म्हणाला, "बिल्ला दिखाओ." नत्थूने बिल्ला टेबलावर ठेवला.

"नाम?"

"पंचफुला."

"पति का नाम?"

"नत्थू."

कंपाउंडरने लिहून घेतलं. आपण खोटं सांगितलं असं नत्थूच्या मनातही आलं नाही. बिल्ला त्याच नावाचा होता, आणि इलाज बिल्ल्यावर व्हायचा.

पंचफुला त्याची बायको. मागच्या उन्हाळ्यात मजुरांच्या कॅम्पमध्ये हगवणीची साथ आली, तिच्यात ती गेली. तिला पाहायला म्हणून तिची धाकटी बहीण हिरा तिरोड्याकडून आली होती. हिराला नवऱ्याने टाकलेलं होतं. माहेरी भावजयीच्या तोंडाखाली राहण्यापेक्षा इथं काम बरं, असं म्हणून ती राहिली, आणि बहिणीचा बिल्ला गळ्यात घालून बायकांच्या लाइनीत उभी राहू लागली. कॅम्पमध्ये यात कोणाला नवल वाटलं नाही. बाळंतपणाला गावी गेलेलीच्या जागी तिची सासू यायची, तापाने पडलेलीच्या जागी नणंद यायची. बिल्ला घरात राहिला की काम घरात राहिलं, असा सगळ्यांचा हिशेब. ठेकेदारालाही ते बरं पडायचं. नवं नाव चढवायचं म्हणजे गेट ऑफिसच्या चकरा आल्या. त्याला टोपल्या उचलणारी डोकी हवी होती. ती कोणाच्या धडावर आहेत हे कोण पाहतो?

सकाळी मुन्शी हजेरी घ्यायचा. बायकांची नावं घेताना तो "पंचफुला नत्थू" म्हणायचा आणि बायकांच्या लाइनीतून आवाज यायचा, "हाजिर." नत्थू गड्यांच्या लाइनीत उभा असे. हजेरी चालू असताना गडी बिड्या ओढत. नत्थू बिडी ओठात धरून, काडीपेटी हातात घेऊन उभा राही. ते नाव होऊन गेलं, "हाजिर" ऐकू आलं, की मग तो काडी ओढत असे.

दवाखान्यात बराच वेळ गेला. रंभाही आली. दोघं बाकावर बसून होती. शेवटी नर्स दारात आली आणि मोठ्याने म्हणाली, "पंचफुला के साथ कौन है?"

नत्थू उभा राहिला.

"पंचफुला बच गई," नर्स म्हणाली. "जान को कोई खतरा नहीं है."

नत्थूने तिच्याकडे पाहिलं.

"फिर से बोलो," तो म्हणाला.

"बच गई, भैया. लेकिन चार उँगलियाँ गईं, आधी हथेली भी. अंगूठा बचा है."

नत्थू खाली बसला. बाकावर बसायचं ते तो जमिनीवरच बसला. नर्सला वाटलं बोटांचं ऐकून हबकला. रंभालाही तसंच वाटलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"जीव वाचला ना बाप्पा! बोटाईचं काय घेऊन बसता?"

नत्थूने मान हलवली.

*

हिराला उठून बसता येऊ लागलं तेव्हा एक दिवस मुन्शी आला. त्याच्या हातात केळ्यांची फणी होती. ती त्याने हिराच्या खाटेवर ठेवली, "कैसी हो बेटी" म्हणून विचारलं आणि नत्थूला व्हरांड्यात घेऊन गेला. रामदुलारे अलाहाबादकडचा, वयाने बराच मोठा. माणूस वाईट नव्हता. पण पगार ठेकेदाराकडून घेत होता.

"देख नत्थू, लेबर ऑफिसर आनेवाला है पूछताछ के लिए. तू इतना ही बोल, पंचफुला है, मेरी औरत है, चलते पट्टे में से गिट्टी निकालने को खुद हाथ डाला. बस. बाकी मैं देख लूँगा."

"फिर?"

"फिर क्या. ठेकेदार साहब अपनी तरफ से मदद देंगे. और तुझे सेक्टर दो के क्वार्टरों पर चौकीदारी. छाँव में बैठना. सरिया-तार का काम छूट जाएगा."

"और नाम सच्चा बोला तो?"

मुन्शीने व्हरांड्याच्या खांबाला पाठ टेकवली.

"तो ये औरत है कौन? रजिस्टर में तो है नहीं. ठेकेदार बोलेगा, बाहर की औरत घुस आई, मशीन में हाथ डाल बैठी. मदद गई, इलाज भी बंद. ऊपर से झूठे नाम का मामला तेरे सिर. मैं तेरे भले की बोलता हूँ."

मुन्शीचं म्हणणं नत्थूला चुकीचं वाटलं नाही. हिराला मदत मिळत होती. नाव आहे तसंच राहत होतं. नाव आहे तसं राहण्यात कोणाचं काय जातं, हे त्याला कळत नव्हतं. मुन्शी गेल्यावर त्याने केळी सोलून हिराला दिली. त्याने स्वतः एकही खाल्लं नाही.

रविवारी भिलाई-तीनहून आनंदराव आला. तो रेल्वेच्या यार्डात कामाला होता, गावाकडचा, नत्थूच्या ओळखीचा. नागपूरला दीक्षा घ्यायला दोघं एकाच गाडीने गेले होते. दर रविवारी कॅम्पमधल्या वंदनेला तो सायकलवर यायचा आणि वंदना झाली की कोणाच्या ना कोणाच्या दारात बसून चहा प्यायचा. त्या दिवशी तो नत्थूच्या झोपडीसमोर बसला. नत्थूने सगळं सांगितलं.

"मुन्शी केळं घेऊन आला?" आनंदराव म्हणाला. "अरे, तो माणूस सासऱ्याच्या घरी हात हलवत जाते. केळं कावून आणन?"

"भल्याचंच सांगते म्हणे."

"कोनाच्या भल्याचं? पाय, नत्थू. भरपाई ठेकेदाराच्या मनावर नसते, कायद्यानं असते. पन ज्याचा हात जाते, त्यानंच ती मागायची असते. पंचफुला मागणार आहे का दुर्गच्या कचेरीत येऊन?"

आनंदरावला आपण काय बोललो ते लक्षात आलं. त्याने कप खाली ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नको."

"नाही. हिरा मागन तिच्या नावानं. आतापावतर तिच्या नावानंच करत होती ना सगळं."

"आज मागन. ठेकेदार देईन थोडं तुह्या हातावर, अन् अंगठा घेईन. उद्या हिरानं हक्काचं मागतलं, तं तोच ठेकेदार म्हणन, ही पंचफुला नाही, पंचफुला तं मेली, ही बाई लबाड आहे. तेव्हा तू कोन्या तोंडानं खरं बोलशीन? आज बोललास तं खरं, उद्या बोललास तं लबाडी."

"आज बोललो तं ते म्हणन, बाहेरची बाई."

"म्हणू दे. सारी गँग काय आंधळी आहे? आमच्या यार्डात एकाचा पाय गेला, तेव्हाबी असंच म्हणत होते, हा ड्युटीवर नव्हताच. चार जण उभे राहिले, तं झाला ड्युटीवर." आनंदरावने सायकल उचलली. "मी दुर्गचा अर्ज लिहून ठेवतो. नाव कोनतं टाकू?"

"पाहू."

"पाहू नको, लेका. सांग."

नत्थूने सांगितलं नाही. आनंदराव सायकलवर बसून गेला.

संध्याकाळी नत्थू डबा घेऊन दवाखान्यात गेला. हिरा डाव्या हाताने जेवायला शिकत होती. भात ताटलीबाहेर पडत होता आणि ती तो परत वेचून खात होती. नत्थूने घास भरवायला हात पुढे केला, तर तिने मान वळवली.

"मले येते. हळूहळू येते, पन येते."

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "भाऊजी, त्या मुन्शीले तुमी काय सांगतलं?"

"काही नाही अजून."

"सांगणार काय आहा?"

"तू ऐकलंस वाटते."

"व्हरांडा कितीसा दूर आहे इथून? तो तं बोलतेबी हजेरी घेतल्यावानी."

नत्थूला हसू आलं. हिरा हसली नाही.

"हात माहा गेला," ती म्हणाली. "नाव बाईचं कावून?" थोरल्या बहिणीला ती 'बाई'च म्हणायची.

"नाव बदललं तं काहीच भेटणार नाही म्हणते तो."

"न भेटो. मागीन तं माह्या नावानं मागीन. इथं नर्स मले पंचफुला म्हणते. बाजूच्या खाटेवरची म्हातारी विचारते, तुहा नवरा आज उशिरा आला का वं? मी काय सांगू तिले? तुमी सांगा."

नत्थू डब्याचं झाकण लावू लागला. ते बसेना.

"मले ठाऊक आहे तुमी कावून चूप राहता," हिरा म्हणाली.

"कावून?"

"हजेरीले मी हाजिर म्हणत होती ना, तं तुमी एक डाव माह्याकडं पायलं नाही. खाली पाहून ऐकत राहत होते."

शेजारची म्हातारी झोपली होती. पलीकडे कोणीतरी पाणी मागत होतं. नत्थूने झाकण काढून पुन्हा लावलं.

"मले राग नाही त्याचा," हिरा म्हणाली. "मलेबी बरं वाटे. वाटे, बाईचं नाव तं आहे ना जितं. पन ते हजेरीपुरतं होतं. आता हे काय चाललं आहे? बाई गेली तेव्हा तिचे दोन्ही हात धडधाकट होते. मीच धुतले होते ते. तिच्या नावावर हा तुटका हात कायले टाकता?"

नत्थू उठला. "उद्या येतो," एवढंच म्हणाला आणि डबा घेऊन निघाला. दवाखान्याच्या नळावर त्याने डबा धुतला. धुवून झाला, तरी पुन्हा धुतला. मग तो घरी न जाता भिलाई-तीनच्या रस्त्याला लागला आणि यार्डाच्या फाटकाशी आनंदरावला गाठून म्हणाला, "हिरा टाक."

*

लेबर ऑफिसर सकाळी हजेरीच्या वेळेलाच आला. तरुण होता, रायपूरकडचा. ताडपत्रीच्या सावलीत मुन्शीच्या टेबलाजवळ त्याला खुर्ची दिली. शेजारी ठेकेदाराचा मॅनेजर उभा होता, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. एका बाजूला गडी, एका बाजूला बायका. क्रशर बंद ठेवला होता, त्यामुळे सगळ्यांचे आवाज नको इतके मोठे येत होते.

"घायल औरत का नाम?" ऑफिसरने विचारलं.

"पंचफुला, साहब," मॅनेजर म्हणाला. "पति नत्थू. हमने इलाज करवाया, आगे भी मदद करेंगे. ये खड़ा है उसका आदमी."

"पंचफुला तुम्हारी औरत है?"

मुन्शी नत्थूकडे बघत होता. बायकांमधून रंभाचा आवाज आला, "आता कसं करन हा माणूस, बाई!" कोणीतरी तिला चूप केलं.

"थी," नत्थू म्हणाला. "मेरी औरत थी. पिछली गर्मी में मर गई."

हे वाक्य त्याने आजवर उच्चारलं नव्हतं. कॅम्पमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, सांगायची वेळच आली नव्हती. गावी आनंदरावने कळवलं होतं. हिंदीत ते निघालं. आपल्या बोलीत निघालं असतं की नाही, हे त्याला सांगता आलं नसतं.

ऑफिसरने मान वर केली. "तो हाथ किसका गया?"

"हिरा का. मेरी साली है. पंचफुला के बिल्ले पर वही काम करती थी. तब से."

मॅनेजर पुढे आला. तो रागावला नाही. उलट त्याचा आवाज मऊ झाला.

"देख लीजिए, साहब. ये तो हमारी लेबर ही नहीं निकली. मरी हुई औरत के बिल्ले पर बाहर की औरत घुसाई. इन लोगों ने धोखा दिया है हमको. अब इसमें ठेकेदार की क्या जिम्मेदारी?"

"आप लोगों को पता नहीं था?"

"इतनी औरतें हैं, साहब. कौन मरी, कौन जिंदा है, हमको कैसे पता होगा?"

मुन्शी म्हणाला होता तसंच चाललं होतं, आणि यापुढे काय बोलायचं ते आनंदरावने सांगितलेलं नव्हतं. नत्थूने मुन्शीकडे पाहिलं. मुन्शी टेबलाकडे पाहत होता.

"मुन्शीजी को पता था," नत्थू म्हणाला. "मुन्शीजी उसकी मिट्टी में आए थे."

"मिट्टी में?"

"मेरी औरत को ले गए तब. पूरी गँग को आधे दिन की छुट्टी इन्होंने ही दी. शिवनाथ नदी तक साथ चले. चप्पल टूट गई थी इनकी, तो नंगे पाँव चले."

बायकांच्या लाइनीत कुजबुज झाली. मग रंभा लाइन सोडून पुढे आली. तिला हिंदी धड येत नव्हती आणि मराठी साहेबाला येत नव्हती, पण त्याने ती थांबणार नव्हती.

"तिरडीले बास कोनं देल्ला? यायनंच! इस्टोर खोलके देल्ला. अन् आठवड्यानं हिरा मेरे बाजू में बसके रोती थी, तो इनोंच बोले, काय रोती हाय, बिल्ला डाल, लाइन में आ! झूट हाय तो बोलो, मुन्शीजी. बोलो ना!"

बायका हसल्या. एकीने "खरं हाय, खरं हाय" म्हटलं, मग दुसरीने, मग गड्यांमधूनही दोघे-तिघे बोलले. ऑफिसरने हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"मुन्शीजी, आप बताइए."

"साहब, ये बूढ़े आदमी हैं, इनको—" मॅनेजर म्हणाला.

"मैं इनसे पूछ रहा हूँ."

मुन्शीने टोपी काढली, आतून पुसली आणि पुन्हा घातली. त्याने नत्थूकडे पाहिलं नाही, मॅनेजरकडेही नाही.

"गया था, साहब," तो म्हणाला.

"रामदुलारे!"

"गया था. बाँस मैंने ही निकलवाया था. लड़की को भी मैंने ही बुलाया. काम बहुत था और औरतें कम पड़ती थीं."

"यानी पंचफुला का नाम पुकारते थे, तब आपको मालूम था कि जवाब कौन दे रही है?"

"मालूम था."

"हाजिरी किसकी लगती थी?"

"हिरा की," मुन्शी म्हणाला.

ऑफिसरने ते लिहून घेतलं. मुन्शीची सही घेतली, नत्थूचा आणि रंभाचा अंगठा घेतला. मग तो क्रशरपाशी गेला, पट्ट्याला वाकून पाहिलं, आणि यावर जाळी का नाही म्हणून मॅनेजरला विचारलं. जाळी बसवल्याशिवाय कोणालाही इथं उभं करू नका, असं बजावलं. मॅनेजर "जी साहब" म्हणाला. ऑफिसरची जीप गेली तेव्हा गड्यांनी बिड्या पेटवल्या आणि बायकांनी टोपल्या उचलल्या.

दुपारी मुन्शी खड्ड्याच्या काठावर येऊन उकिडवा बसला. नत्थूने शिडीवरून डोकं वर काढलं.

"बीड़ी है?"

नत्थूने बिडी दिली आणि आपणही एक पेटवली.

"फँसा दिया तूने मुझे," मुन्शी म्हणाला. "मेज पर दूसरा आदमी बैठ गया है."

"आप मना भी कर सकते थे."

"कर सकता था." मुन्शीने धूर सोडला. "पर मिट्टी में गया था न, भाई. जिसकी मिट्टी में गए, उसको जिंदा कैसे बोलूँ?"

बिडी संपल्यावर मुन्शी गुडघ्यांवर हात देऊन उठला आणि गेला.

*

संध्याकाळी नत्थू दवाखान्यात गेला तेव्हा आनंदराव आधीच तिथं पोचला होता. दुर्गच्या अर्जावर हिराचा अंगठा घ्यायचा होता. उजवा हात बँडेजमध्ये होता.

"डाव्यानं चालते काय?" हिरा विचारत होती.

"चालते."

"नाही, मंग म्हणन साहेब, हा अंगठा दुसऱ्याच बाईचा आहे. आमच्या घरची रीतच आहे म्हणावं तशी."

आनंदराव खो खो हसला. हिराने अंगठा उठवला आणि शाई आपल्या लुगड्याला लागू नये म्हणून तो वर धरून बसली. कागदावर लिहिलेलं नाव तिला वाचता येत नव्हतं. तिने आनंदरावला ते दोनदा वाचायला लावलं. "हिरा." "पुन्हा वाचा." "हिरा." मग तिने मान डोलावली.

आनंदराव गेल्यावर ती नत्थूला म्हणाली, "बाईचं नाव काढलं?"

"काढलं. सकाळीच मुन्शीनं हजेरीच्या वहीत माह्यासमोर रेघ ओढली."

"तुमीच सांगतलं?"

"मीच सांगतलं."

"रडले?"

"नाही. हिंदीत बोललो."

हिराला हसू आलं. हसता हसता तिने डावा हात डोळ्यांवर घेतला आणि अंगठ्याची शाई कपाळाला लागली. नत्थूने ओला पंचा पुढे केला. या वेळी तिने मान वळवली नाही.

"हात सुकला की काम मागीन," ती म्हणाली. "ओतलेल्या सिमेंटवर पाणी मारायले एक हात पुरे होते. माह्या नावाचा बिल्ला द्या म्हणावं, तं येईन. नाही तं नाही."

"देईन तो. न देऊन जाते कुठं?"

हे नत्थू इतक्या खात्रीने बोलला की हिरा त्याच्याकडे पाहत राहिली.

तेवढ्यात रंभा आली. कामावरून सरळ आली होती; केसांत, भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी बसली होती. खाटेच्या कडेला ती बसली आणि पाय चोळू लागली.

"तुहं साऱ्या गँगेत नाव झालं बाई," ती हिराला म्हणाली. "पोरी म्हणते, हिरानं मुन्शी खाल्ला." मग ती नत्थूकडे वळली. "नवीन मुन्शीनं आजच कामं वाटली. मले हिराच्या जागी लावलं. पट्ट्यावर."

"साहेब तं बजावून गेला होता," नत्थू म्हणाला.

"साहेब जीपमधून गेला, अन् क्रशर सुरू झाला."

तिने दोन्ही हात पुढे करून उलटेपालटे करून दाखवले, "आहे अजून दाही," म्हणाली आणि हसली. हिरा हसली नाही. नत्थूही हसला नाही.

"उद्या हजेरीच्या आधी आनंदरावले क्रशरवर घेऊन या. जाळीचाबी अर्ज लिहायचा आहे," हिरा त्याला म्हणाली.

दुर्गची तारीख अजून लागायची होती. पट्ट्यावर जाळी बसली नव्हती.